सोपा म्हणजे सूप

४ मार्च

टिंबा,

आशीर्वाद आधीच घेऊन टाक, शेवटी लिहायचं म्हटलं की मी विसरते. पत्र ऑफिसच्या पत्त्यावर का, ते तुला कळलंच असेल. घरी पाठवलं असतं तर पहिल्यांदा ताईने वाचलं असतं. फोन केला तरी तीच उचलते आणि तुझ्या हातात देईपर्यंत माझी सगळी झडती घेऊन झालेली असते. तुझी आई माझी मोठी बहीण आहे हे मला मान्य आहे, पण ती सगळ्या जगाचीच मोठी बहीण असल्यासारखी वागते.

काम असं आहे. तू विद्यापीठाच्या प्रवेश विभागात बसतोस. तुमच्याकडे स्पॅनिश आणि भाषांतर अशी जी पदवी आहे, तिला काय काय लागतं ते नीट कळव. आमच्या शेजारच्या एका मुलीला हवं आहे. मुलगी चांगली आहे. डोक्याने तल्लख, जराशी हट्टी, दिसायला बरी होती, म्हणजे आहे. नोकरी करते, तेव्हा संध्याकाळचे वर्ग असतील तर उत्तम. शाळा सुटून बरेच दिवस झालेत, ते प्रमाणपत्र चालेल का? गणित लागतं का? लागत असेल तर लगेच सांग, म्हणजे विषय इथेच मिटला. आणि वयाची काही अट असते का?

स्पॅनिश तिला बोलता येतं. मी शिकले तशीच तीही आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजीबाईंकडून शिकली. आजीबाई लग्न करून समुद्रापलीकडून इकडे आल्या, त्याला आता उभा जन्म झाला. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा त्या वाटी पुढे करून 'सोपा, सोपा' म्हणाल्या. मला वाटलं, एवढं सोपं काय आहे बाई? तर सोपा म्हणजे सूप. तिथून आमचे पत्ते खेळणं आणि भाषा शिकणं बरोबरच सुरू झालं.

उत्तर माझ्या चष्म्याच्या दुकानावर पाठव. मी दिवसभर फ्रेमा बसवत तिथेच असते.

मावशी


११ मार्च

ती. मावशी,

ऑफिसच्या पत्त्यावर खासगी पत्र येणं आमच्या शिस्तीत बसत नाही. पण आईने फोडलेलं पत्र कसं दिसतं ते मला माहीत आहे, म्हणून तक्रार करत नाही.

माहिती अशी. शाळा पुरी केल्याचं प्रमाणपत्र लागतं, ते कितीही जुनं असलं तरी चालतं. गणित लागत नाही. स्पॅनिशची प्राथमिक परीक्षा आधी पास व्हावी लागते, ती आमच्याकडेच एप्रिलच्या सुरुवातीला होते. अर्जाबरोबर एक पान भाषांतर करून जोडायचं, स्वतःच्या अक्षरात. मग मातृभाषेचा लेखी पेपर आणि शेवटी मुलाखत. मातृभाषेच्या पेपरला कोणी घाबरत नाही, आपलीच भाषा. तिसऱ्या वर्षी सहा महिने स्पॅनिश बोलणाऱ्या देशात राहून शिकावं लागतं. संध्याकाळचे वर्ग आहेत. वयाची अट खालची आहे, वरची नाही. वरची कोणी विचारतच नाही.

आता दोन गोष्टी घरचा माणूस म्हणून. 'बरी होती, म्हणजे आहे' असं तू लिहिलंस, तर मुलगी आजारातून उठली आहे का? असेल तर वैद्यकीय दाखला लागेल. दुसरं, नोकरी करणारी हट्टी मुलगी एकदम स्पॅनिशच्या मागे का लागली? या प्रकारात बहुधा कोणीतरी मुलगा असतो. पहिल्या वर्षाला वर्ग भरलेले असतात आणि दुसऱ्या वर्षी निम्म्या मुलींची प्रेमं संपलेली असतात. तिच्या आईवडिलांना आडून सुचव.

तुझा टिंब


१२ एप्रिल

टिंबा,

मुलाची चौकशी केली. मुलगा नाही. विचारलं तेव्हा ती एवढी हसली की हातातला स्क्रू टेबलाखाली गेला. आजारी नाही, गुडघे तेवढे कुरकुरतात. प्राथमिक परीक्षा पास झाली. अर्ज गेला आहे.

तुला वरची गंमत सांगते, पण ती पोटात ठेव. आजीबाईंना मध्यंतरी मेंदूचा झटका आला हे तुला माहीत आहे. त्यातून उठल्या, हातपाय सावरले, पण आपली भाषा सगळी गेली. राहिली ती लहानपणची स्पॅनिश. नवरा होता तोवर त्याने ती घरात कधी बोलू दिली नव्हती, म्हणून मुलाला येत नाही आणि सूनबाईला तर नाहीच. आता सूनबाई बोलते एक आणि आजीबाईंना ऐकू येतं भलतंच. ही म्हणते, 'मला वेळ नाही, मला उशीर होतोय.' त्यांच्या भाषेत 'माला' म्हणजे वाईट बाई. केस विंचरताना ही म्हणते, 'वाका जरा.' त्यांच्यात तोच शब्द गाईला आहे. एका सकाळी सुनेने आपल्याला गाय म्हटलं म्हणून आजीबाईंनी कंगवा खिडकीतून खाली टाकला. तो आमच्या दुकानाच्या पाटीवर अडकला. तेव्हापासून दुभाषी मी.

पहिल्या दिवशी आजीबाई म्हणाल्या, हे सूप आहे की भांडी धुतलेलं पाणी? सूनबाईने विचारलं, काय म्हणतात? ती ऑफिसातून येऊन उभ्या उभ्या स्वयंपाक करून बसली होती, डोळे सुजलेले. मी म्हटलं, म्हणतात सूप हलकं झालंय, पोटाला बरं वाटतं. मग ती म्हणाली, सांगा त्यांना, पुन्हा चमचा फेकला तर सरळ वृद्धाश्रमात ठेवीन. मी सांगितलं, चमचा जपून धरा, तुम्हाला लागेल याची तिला काळजी वाटते.

टिंबा, तुला खरं वाटणार नाही, पण त्या घरात आता नंदनवन आहे. सूनबाई सासूसाठी मऊ चप्पल घेऊन आली. आजीबाई मला म्हणाल्या, ही मुलगी दिसते उद्धट, पण बोलते किती गोड.

मावशी


२० एप्रिल

ती. मावशी,

तुझं पत्र वाचून मी खुर्चीतून उठलो आणि परत बसलो. तू जे करते आहेस त्याला भाषांतर म्हणत नाहीत. याच अभ्यासक्रमाच्या पहिल्या तासाला सांगतात, की जे बोललं गेलं तेच पोचवायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही आणि काढायचंही नाही. त्या मुलीला तुझ्या सावलीला उभी करू नकोस.

तिच्या अर्जाचं म्हणशील तर मी शोधला. पण छाननीच्या वेळी नावं झाकलेली असतात, आम्हाला फक्त क्रमांक, राहण्याचा भाग आणि जन्मवर्ष दिसतं. तुमच्या भागातून एकच अर्ज आला आहे आणि त्यात जन्मवर्ष धडधडीत चुकलं आहे. त्या हिशेबाने उमेदवार माझ्या आईपेक्षा थोडीशीच लहान ठरते. मी 'जन्मवर्ष दुरुस्त करावे' असा शेरा मारून अर्ज परत पाठवला. तिला सांग, एवढ्या साध्या चुका करणाऱ्यांचं भाषांतरात कठीण असतं.

तुझा टिंब


२३ एप्रिल

टिंबा,

जन्मवर्ष बरोबर आहे. ताईपेक्षा थोडीशीच लहान, हेही बरोबर आहे. तू माझ्या बारशाला नव्हतास म्हणून माफ करते.

अर्ज शेऱ्यासकट परत पाठवला आहे. खाली मी लिहिलंय, 'दुरुस्त करता आलं असतं तर कधीच केलं असतं.'

आता हसून घे आणि मग ऐक. जन्मभर मी लोकांच्या नाकावर चष्मा ठेवून विचारत आले, दिसतंय का आता? आजीबाईंच्या भाषेत पहिल्यांदा मलाच काहीतरी दिसलं. पण माझी स्पॅनिश सगळी पत्त्यांची, सुपाची आणि शिव्यांची आहे. त्या गेल्या की माझ्याशी ती बोलणारं कोणी उरणार नाही, आणि जेवढी आहे तेवढीही गंजून जाईल. म्हणून शिकायचंय. नीट, पहिल्यापासून.

ताईला सांगू नकोस. ती हसेल. तू हसलास तर पत्रात दिसत नाही, ती हसली की दोन गल्ल्या ऐकू जातं.

मावशी


२९ एप्रिल

मावशी,

मी हसलो नाही. एकदाच हसलो, तेही मुलाच्या चौकशीवर आणि ते स्वतःला.

अर्ज मिळाला. तुझ्या शेऱ्याखाली सही करण्याचं धाडस आमच्या ऑफिसात कोणाला झालं नाही. नात्यातल्या अर्जाला हात लावायची मला परवानगी नाही, म्हणून मी तो शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे दिला आणि नातं लेखी कळवलं. आता माझ्याकडून तुला रतीभरही मदत होणार नाही. तुला ते बरं वाटणार नाही, पण माझा स्वभाव तुला माहीत आहे.

लेखी पेपर दहा मेला आहे, मुलाखत जूनमध्ये. मुलाखतीला विभागप्रमुख बाई असतात. भाषांतरकाराने प्रामाणिक का असावं, हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारतात. उत्तर देताना वरच्या मजल्यावरचं काही सांगू नकोस. त्याहून बरं म्हणजे, वरच्या मजल्यावरचं थांबव.

टिंब


१९ मे

टिंबा,

थांबलं. मी थांबवायच्या आधीच थांबलं.

आजीबाईंना घरी ठेवायचं की वृद्धाश्रमात पाठवायचं, हे ठरवायला हॉस्पिटलचे समाजसेवक आले होते. आईला झटका आल्या आल्याच मुलाने त्यांना बोलावलं होतं, त्यांना वेळ आत्ता मिळाला. मी नेहमीसारखी आजीबाईंच्या उशाशी जाऊन बसले. तर ते म्हणाले, शेजाऱ्यांचं चालत नाही, आमची दुभाषी आहे. मागून एक मुलगी आली, हातात पाण्याची बाटली, चेहरा इस्त्री केलेला. तुझ्या पहिल्या तासाला ती नक्की हजर असणार.

तिने विचारलं, तुम्हाला इथे कसं वाटतं? आजीबाईंना आपली भाषा बोलणारं नवं माणूस मिळालं. त्या सुटल्याच. सुपापासून सुरुवात केली, मग कंगवा, मग मुलाचं घोरणं, मग पडद्यांचा रंग. ती मुलगी एकेक वाक्य उचलून सूनबाईसमोर ठेवत गेली. काही गाळलं नाही. भांड्यांचं पाणी आलं तेव्हा सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. शेवटी आजीबाई म्हणाल्या, तरी सून गोड आहे, रोज माझी किती काळजी करते. सूनबाईला ते ऐकवेना. ती म्हणाली, मी तर रोज यांना वृद्धाश्रमात टाकीन म्हणते, गोड कधी बोलले? ती मुलगी तेही सांगून मोकळी झाली.

मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले आणि दुकान उघडं राहिलंय म्हणून खाली आले. दुकान त्या दिवशी बंद होतं.

समाजसेवक पुन्हा येऊन निर्णय घेणार आहेत. वरचं दार माझ्यासाठी उघडत नाही. आजीबाईंना तिथून हलवलं तर ते माझ्यामुळे, टिंबा. नंदनवन होतं तोवर मला फार मजा आली, हे मी नाकारत नाही.

मातृभाषेचा पेपर सोपा गेला.

मावशी


२४ मे

मावशी,

उपदेश तयार होता, पण तो ठेवून देतो. सूनबाईंना भेट. त्या वर बोलावणार नाहीत, तू जिन्यात भेट, फाटकात भेट. सारवासारव करू नकोस.

आणि एक कबूल करायचं राहिलं. आईला सगळं समजलं. मी जेवताना फार गप्प होतो, तेवढं तिला पुरलं. अभ्यासक्रमाचं ऐकून ती हसली नाही. म्हणाली, तिला लहानपणीही मधे बसून दोन्हीकडचं ऐकायला आवडायचं. मग म्हणाली, मुलाखतीला तिच्याकडे धड चप्पल नसेल. बाकी ती स्वतः कळवेल, किंवा चपलाच पाठवेल.

टिंब


१८ जून

टिंबा,

चपला मिळाल्या. ताईच्या मापाच्या आहेत, म्हणजे पुढे कागद घालून वापरते आहे. चिठ्ठी नव्हती. मी पण आभार मानले नाहीत, नाहीतर तिला वाटेल मी आजारी आहे.

मी जिन्यात भेटणार होते, पण सूनबाईच दुकानात आली. चष्मा सैल झालाय म्हणाली. चष्मा घट्ट होता. मी तो उगाच हातात घेऊन पुसत बसले. ती म्हणाली, "तुम्ही मला जे जे सांगितलंत, त्यातलं त्यांचं खरंच काही होतं का?"

मी म्हटलं, "एक होतं. केस विंचरताना तुझा हात हलका लागतो म्हणाल्या होत्या. ते मी जसंच्या तसं सांगितलं होतं."

"ते तरी मी कसं खरं मानू?"

मी चष्मा तिच्या हातात दिला. ती दारापर्यंत गेली, परत आली आणि म्हणाली, "मला शिकवा. मला त्यांना स्वतः विचारायचंय. आणि भांड्यांच्या पाण्याचं उत्तर द्यायचंय."

तर गेले काही दिवस संध्याकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत शिकवणी चालते. पहिल्या दिवशी तिने 'तुम्ही कशा आहात' शिकायला नकार दिला. तिला हवं होतं, 'मग स्वतः करून खा.' ते पाठ करून ती वर गेली आणि म्हणाली. उच्चार इतका वाईट होता, की आजीबाईंनी आधी तो दुरुस्त केला आणि मग रागावल्या. आता दोघी रोज भांडतात. सून शब्द विसरते, सासू तो आठवून देते आणि भांडण पुढे जातं. विंचरण्याचंही तिने विचारलं. आजीबाई म्हणाल्या, हात हलका आहे, डोकंही हलकंच आहे. म्हणजे मी खरं बोलले होते.

समाजसेवक त्या इस्त्रीवाल्या मुलीला घेऊन पुन्हा आले. त्यांनी विचारलं, वृद्धाश्रमात तुमची भाषा बोलणारी नर्स आहे, जाल का? आजीबाई म्हणाल्या, तिथे माझी काळजी घेतील. भांडायला कोण येणार? सूनबाईला यातलं बरंच कळलं. ती आत गेली आणि गॅस पेटवत राहिली, गॅस पेटलेलाच होता. मुलाने फॉर्मवर सही केली नाही. आजीबाई घरीच राहिल्या.

मुलाखत झाली. बाहेर बाकावर सगळी पोरं. एकीने मला विचारलं, तुमचा मुलगा आत गेलाय का? विभागप्रमुख बाईंनी तुझा प्रश्न विचारलाच, वर अशी पुस्ती जोडली, की खोटं भाषांतर करून दोन माणसं जवळ येणार असतील तर कराल का? तू सांगू नकोस म्हणाला होतास. मी सांगितलं. म्हटलं, मी ते करून पाहिलंय. ते फार दिवस चालत नाही. आणि चालतं तोवर फार छान चालतं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि सुरुवातीपासून सांगा म्हणाल्या. माझ्यानंतरच्या मुलाला बराच वेळ बाहेर बसावं लागलं.

मावशी


८ जुलै

मावशी,

निकाल आज दुपारी लागला. अधिकृत पत्र येईल, हे अनधिकृत आहे, म्हणून ते आलं की आश्चर्य वाटल्याचं दाखव.

स्पॅनिशमध्ये तू वरच्या पाचात आहेस. जोडलेलं भाषांतर ठीक, एके ठिकाणी मूळ लेखकापेक्षा तू जास्त सभ्य झाली आहेस असा शेरा आहे. मुलाखतीत पहिली. शेरा आहे, 'उत्तम बोलतात. थांबवावे लागते.'

मातृभाषेत नापास.

मी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना दोनदा विचारलं. ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं, सगळीकडे लाल शाई. निबंधात पहिला पूर्णविराम दुसऱ्या पानावर आहे. माझं नाव टिंब ठेवणाऱ्या बाईला टिंब देता येत नाही, हे मी आईला सांगितलं. ती हसली, आणि या वेळी दोन गल्ल्यांना ऐकू गेलं असेल.

पण प्रवेश मिळाला आहे. अट एवढीच, की पहिल्या वर्षी मातृभाषेचा पूरक वर्ग करायचा. शनिवारी सकाळी असतो. आईचं म्हणणं, ती तुझ्या शुद्धलेखनाच्या वह्या तपासेल. मी अडवायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

अभिनंदन, मावशी. हे मी ऑफिसच्या वेळेत लिहितो आहे.

टिंब


२ सप्टेंबर

टिंबा,

पूर्णविराम मोजून दिले आहेत, ताईला दाखवायला हरकत नाही.

वर्ग सुरू झाले. पुढच्या बाकावर बसते, कारण मागून फळा दिसत नाही आणि चष्म्याच्या दुकानातल्या बाईने ते कबूल करणं बरं नाही. पोरं मला आधी 'मॅडम' म्हणायची, आता गृहपाठ मागतात. पूरक वर्गात माझ्यासारखी आणखी सात-आठ आहेत, सगळी विशीतली. आम्हाला आपलीच भाषा येत नाही म्हणून आमची चांगली गट्टी जमली आहे. आणि तिसऱ्या वर्षी सहा महिने बाहेर जायचं आहे, तेव्हा दुकान कोण बघणार ते आत्तापासून ठरवते आहे. ताईने जवळजवळ होकार दिला आहे. गिऱ्हाइकांची मला काळजी वाटते.

काल आजीबाईंना प्रवेशाचे राहिलेले पेढे द्यायला वर गेले. त्या म्हणाल्या, आता चुका केल्यास तर कोणाचं नाव बुडेल ते लक्षात ठेव. सूनबाई खिडकीशी शब्द पाठ करत होती. तेवढ्यात मुलगा ऑफिसातून आला, दारातच उभा राहून 'काय आई, बरी ना' म्हणाला आणि मोबाइल काढला. आजीबाईंनी त्याला वरून खाली पाहिलं आणि सावकाश, एकेक शब्द चावून म्हणाल्या, की हा ठोंब्या येतो आणि मीटर वाचून गेल्यासारखा मला पाहून जातो.

त्याने बायकोला विचारलं, काय म्हणाली?

सूनबाईला प्रत्येक शब्द कळला होता. मी तिचा चेहरा पाहिला ना. ती म्हणाली, "आई म्हणतात, फार दमलेला दिसतोस. जरा बस माझ्याजवळ."

तो विरघळलाच. मोबाइल खिशात घातला, खुर्ची ओढली, आईचा हात हातात घेतला. आजीबाई चकित होऊन त्याच्याकडे बघत राहिल्या आणि हात काही त्यांनी सोडवून घेतला नाही. थोड्या वेळाने तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मावशी, तुम्ही तर आता विद्यापीठात शिकता. असंच म्हणाली ना आई?"

सूनबाईने पुस्तकातून मान वर केली नाही, पण पान उलटायची थांबली.

मी म्हटलं, "अहो, मी पहिल्याच वर्षाला आहे. मला अजून एवढं येत नाही."

मावशी